डांबरावरची साय

१२ मार्च

ताई,

आमच्या प्रयोगशाळेत उन्हाचं काम करणाऱ्या दिव्याखाली दोन वर्षांचं ऊन सोसून भेगा भरायचा जो माल मऊच राहिला, तो तुमच्या घरामागच्या रस्त्यावर वर्षभरात कसा काय फुटला? तू विचारलंस, आणि मला उत्तर येत नाही. ‘मग एवढं शिकून काय उपयोग’ असं तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते.

तुझ्या पाकिटातून आलेला काळा तुकडा माझ्यासमोर बशीत ठेवलाय. छोटीला सांग, मावशीला भेट पोचली. शाळेतून येताना तिनं रस्त्याच्या भेगेतून ही पट्टी चामड्याच्या वादीसारखी उपटली म्हणून तू तिला रागावलीस, ते काही बरं नाही केलंस. नीट बसलेली पट्टी पोरीच्या हातानं उपटून येत नाही. चूक पट्टीची आहे, पोरीची नाही.

तुला एकदा सोपं करून सांगते, म्हणजे भाऊजी घरी येऊन काय बोलतात ते तुला कळेल. भेगा भरायला साधं डांबर चालत नाही. त्यात रबर मिसळतात, तापवून पातळ करतात आणि भेगेत ओततात. थंडीत रस्ता आखडतो, भेग रुंद होते. उन्हात रस्ता फुगतो, भेग मिटते. मधल्या पट्टीनं सासुरवाशिणीसारखं दोन्हीकडून ओढून घ्यायचं, पण सुटायचं नाही. पाण्याचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही. तुमच्याकडे तर मुळीच नाही, कारण रस्ता उंच भरावावर आहे आणि भरावाच्या पायथ्याशी तुमची घरांची रांग. भेगेतून गेलेलं पाणी मातीच्या पोटात बसून राहतं.

या मालाला टिकाऊ असल्याचा दाखला आमच्या प्रयोगशाळेनंच दिलाय. नमुने तपासणारी म्हणून खाली माझी सही आहे. त्याची प्रत बाबांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय. कोणी आलं की कपडे काढायच्या निमित्तानं दार उघडतात. त्यामुळे हा तुकडा बशीत बघताना मला जरा कसंतरी होतंय.

भाऊजींना विचारशील का, भेगा भरताना कोरड्या होत्या ना? माल जास्त तापून जळला नव्हता ना? भरणारी टोळी त्यांच्याच हाताखाली होती, म्हणून विचारते. दोष काढत नाहीये. ते रागावले तर विषय बदल. फोनवर विचारलं असतं, पण तुमच्या घरात एकानं फोन घेतला की पाच जण ऐकतात आणि सहावा मध्ये बोलतो.

तुझी
धाकटी


२१ मार्च

ग्रॅज्युएटबाईंना ताईचा एक धपाटा. लांबून देतेय म्हणून हळू लागेल.

तुझं पत्र मिळालं. सासुरवाशिणीचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं नाही, काळजी नसावी.

तुझ्या भाऊजींना विचारलं. आधी हसले. मग म्हणाले, “तुझ्या बहिणीला कळव, भेगा हवेनं साफ केल्या, कोरड्या केल्या, माल जळू दिला नाही. आता ऊन पण मुकादमानंच आवरायचं का?” मी म्हटलं, “आवरून बघा, घरातलं तर काही आवरता येत नाही.” एरवी यावर त्यांचं एक उत्तर ठरलेलं असतं. या वेळी उठून बाहेर गेले. दमले असतील.

मग म्हटलं, बहिणीसाठी आपणच बघू. छोटीला शाळेत सोडताना भरावाच्या पायऱ्या चढून वर गेले आणि रस्त्याच्या कडेला बसून ती पट्टी बोटानं दाबली. येणारे-जाणारे बघत होते, काय हरवलं म्हणून. सांगते तुला काय दिसलं. थंड झालेल्या दुधावर साय धरते ना, तशी वरून साय आहे. कडक. नखानं टोचलं तर कुरकुरीत तुटते, बारीक जाळीसारखी तडकलीय. पण खाली अजून मऊ आहे, अगदी पहिल्या दिवशीसारखी. झाडाखाली जिथं सावली आहे तिथं साय नाही. तुला हे उपयोगी आहे का ते माहीत नाही, मी आपलं लिहिलं.

आणि भेगा पूर्वी रस्त्याबरोबर सरळ जायच्या. आता एक मोठी भेग आमच्या घराच्या बरोबर वर वाकडी गेलीय. कडेला सुरू होते, रस्त्याच्या मध्यापर्यंत येते आणि परत कडेला जाते. छोटी म्हणते, “आई, रस्ता हसतोय.”

बाकी इकडे ठीक. मागच्या खोलीचं दार अडकायला लागलंय. लाकूड फुगलं असेल. सुतारानं तासून दिलं, आठवड्यात पुन्हा तेच. परत बोलावलं तर म्हणाला, “वहिनी, आणखी तासलं तर दार म्हणता येणार नाही, फळी म्हणावं लागेल.” सासूबाईंनी त्याला ऐकवलं, “तुझ्या हाताला वळण नाही, दाराला कसं असणार?” बिचारा चहा न घेता गेला.

आईचे गुडघे बरे आहेत. तू जेवणाची आबाळ करू नकोस.

ताई


४ एप्रिल

ताई,

तुझ्या सायीनं मला वाट दाखवली. गंमत करत नाहीये.

माल तापवताना जळला असता तर आरपार कडक झाला असता. साय फक्त वर आहे, आणि तीही उघड्यावर, म्हणजे हे उन्हाचं काम. ऊन आणि हवा मिळून डांबराचा वरचा थर वाळवतात, त्यातल्या रबराचा ताण मारतात. मग थंडीत भेग रुंदावली की तो थर ताणत नाही, तडकतो. तडे खोल जातात, कडा सुटतात. हे आम्हाला पुस्तकात होतं. प्रश्न एवढाच होता की मग आमच्या दिव्याखालच्या नमुन्यांना साय का नाही धरली?

मी दिव्याच्या पेटीतून एक नमुना काढला आणि अंगठ्यानं पुसला. अंगठा पांढरा झाला.

ताई, पावडर. पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं की साच्यातून काढलेला नमुना चिकट असतो, शेजारच्याला चिकटून बसतो, म्हणून त्यावर पावडर मारायची. चेहऱ्याला लावतात तीच, डबाही तसाच. इथं सगळे विचारतात, “काय, नटल्या का तुमच्या नवऱ्यामुली?” आणि मग त्या दिव्याखाली जातात. दिव्याखाली ठेवण्याआधी ती पुसायची, हे कोणी सांगितलं नाही. कदाचित कोणाला माहीतच नव्हतं. प्रत्येकानं आधीच्याचं बघून केलं. मीही केलं, आणि फार नीटनेटकं, एकसारखं मारते म्हणून माझं कौतुकही झालं.

पांढरी पावडर ऊन परतवते. दोन वर्षांचं ऊन आम्ही छत्रीखाली मोजलं.

आमच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्या वाईट नाहीत, मला बोटाला धरून काम शिकवलंय त्यांनी. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ही पद्धत माझ्याही आधीपासून आहे.” मी म्हटलं, “म्हणजे चूकही आधीपासून आहे.” त्या म्हणाल्या, “या मालानं किती रस्ते भरलेत तुला कल्पना आहे? दाखला मागं घ्यायचा म्हणजे काय ते कळतं का? आधी दोन्ही नमुने शेजारी ठेव. पुसलेला आणि न पुसलेला. पुरावा होऊ दे.” ठेवलेत. दिव्याला त्याचा वेळ लागेल.

पण मला घाई दिव्याची नाहीये. तू जे बाकी म्हणून शेवटी लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचतेय. कडेपासून कडेपर्यंत वाकलेली भेग मला आवडली नाही. रस्ता नुसता तडकला तर भेग अशी वळत नाही. खालची माती बसायला लागली की वळते.

दार आता तासू नकोस. चौकट बघ. वरच्या लाकडाला आतल्या बाजूनं दोरी बांध, खाली कुलूप किंवा काहीतरी जड लटकव आणि दोरी चौकटीला समांतर आहे का ते बघून लिही. आणि मागच्या गटाराला पाणी येतं का, तेही. पाऊस नसताना.

भाऊजींना अजून सांगू नकोस. नाही, सांग. तुला योग्य वाटेल ते कर.

धाकटी


१९ एप्रिल

धाकटे,

पत्राला उशीर झाला. तू दोनदा फोन केलास ते मला सासूबाईंकडून कळलं. हे म्हणाले होते, मी झोपलेय. मी झोपले नव्हते, गच्चीत कपडे वाळत घालत होते. त्यांच्या लक्षात नसेल.

आता काळजीचं कारण उरलं नाही, हे आधी सांगते. रस्ता दुरुस्त झाला. एका सकाळी हे कामावर जायच्या आधी दोन माणसं आणि डांबराची गाडी घेऊन वर गेले आणि ती वाकडी भेग आणि आजूबाजूचं सगळं नव्या डांबरानं झाकून टाकलं. वरून रोलर फिरवला. काळं कुळकुळीत दिसतंय. मला गच्चीवरून दिसलं म्हणून कळलं, घरी काही बोलले नाहीत. मी विचारलं, “कंत्राटदारानं सांगितलं का?” तर म्हणाले, “सगळं सांगूनच करायचं असतं का?” कामाचा माणूस आहे. तुझ्या पत्रातलं त्यांना सांगितलं होतं, मनावर घेतलं असेल.

दोरी बांधली. कुलूप लटकवलं. वर दोरी चौकटीला टेकते, खाली माझी दोन बोटं मध्ये जातात. म्हणजे दार घरात झुकलंय, असंच ना? घर बांधून काही फार वर्षं झाली नाहीत, पण आजकाल गवंडी तरी कुठे नीट काम करतात.

गटाराला पाणी आहे. थोडंच. मातकट. शेजारच्या काकू म्हणतात नळ कुठेतरी फुटला असेल. त्यांच्या मागच्या भिंतीला ओल आलीय, त्यांनी त्यावर कॅलेंडर लावलं. त्या बऱ्या, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कॅलेंडर आहे.

एक मजा सांगायची राहिली. गेल्या आठवड्यात यांनी आमच्या सगळ्यांचे पलंग मागच्या खोलीतून पुढे आणले. म्हणे मागं उकडतं. अगं, उन्हाळ्यात तीच खोली गार म्हणून आम्ही सगळे भांडतो तिच्यासाठी! सासूबाई बैठकीत झोपतात आणि दिवसभर पुटपुटतात, “माझ्या पलंगाला काय पाय फुटले होते?” मी हसले. मग छोटी खेळता खेळता मागच्या खोलीत गेली तर हे तिच्यावर असे ओरडले, की मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. पोरीवर त्यांनी आजवर आवाज चढवलेला नाही. ती रडली आणि नंतर हेही बाहेर जाऊन बसले.

तू मला पत्र लिहू नयेस असं त्यांचं म्हणणं आहे. तुझ्या डोक्यात पुस्तकं आहेत, माझ्या डोक्यात उगाच भीती भरते, असं. म्हणून हे पत्र छोटीच्या शाळेजवळच्या पेटीत टाकतेय. तू उत्तर दे पण घाबरवू नकोस.

ताई


२४ एप्रिल

इंजिनियरबाई,

तू इंजिनियर नाहीस हे मला माहीत आहे, पण मी तुला पहिल्यापासून तेच म्हणत आलोय, आता बदलत नाही.

तुझी पत्रं मी वाचली. वाचायला नको होती, पण तुझी ताई हल्ली मला बघून गप्प होते, म्हणून शोधली.

तुला वाटतं तसा मी आंधळा नाही. कड बसतेय हे मला थंडीतच कळलं. पट्टी सुटलेली दिसली तेव्हा कंत्राटदाराला सांगितलं. तो म्हणाला, काम खात्याच्या ताब्यात देईपर्यंत झाक आणि तोंड बंद ठेव. पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, दाखला आहे ना मालाला, मग दोष भरणाऱ्याचा, म्हणजे तुझा. आता तू सांगतेस की दाखलाच खोटा. हे तू मला थंडीत सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

मी दुसरीकडे खोली बघतोय. पावसाच्या आत आपली माणसं हलवतो. तोवर गप्प राहा, एवढंच मागतो. शेजाऱ्यांना कळलं की संध्याकाळपर्यंत सगळीकडे होईल, आणि मग पहिला दगड कुणाच्या दारावर पडेल ते तुला वेगळं सांगायला नको. भरणारा मी, झाकणारा मी. त्यानंतर मला कोणी फावडं पण हातात देणार नाही.

तू कॉलेजला जावंस म्हणून तुझ्या बाबांशी मी किती भांडलो, त्याची आठवण करून द्यायला हे लिहीत नाही.

ताईला यातलं काही कळवू नकोस. ती झोपत नाही मग.

भाऊजी


२९ एप्रिल

ताई,

हे पत्र तुला टेम्पोवाल्यानं दिलं असेल. तो दारात उभा असेल तर त्याला उभाच राहू दे, भाडं दिलेलं आहे. आधी छोटीला आणि सासूबाईंना त्यात बसव आणि मग पुढचं वाच. सामान नको. पलंग नको. सासूबाई ऐकणार नाहीत, तेव्हा त्यांना सांग की आईच्या गुडघ्यांनी दगा दिलाय आणि ती बोलावतेय. त्यांचं आणि आईचं पटत नाही, पण आजारात त्या धावतात. शेजारच्या काकूंनाही घे, त्यांच्यापलीकडच्यांनाही हाका मार. दुसरा टेम्पो मागून येतोय.

परवा पाऊस सांगितलाय. अवेळी आणि जोराचा. भराव तो सोसणार नाही, तुमच्या घरांवर येईल.

पुसलेला नमुना काल दिव्याखालून काढला. दिवसभर थंड करून सळईवर वाकवला. आवाज आला, ताई. बिस्किट मोडल्यासारखा. पावडरवालाही तसाच थंड करून वाकवला, तो वेटोळं घालून मुकाट्यानं बसला. मोठ्या बाई बघत होत्या. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले. मग म्हणाल्या, “पाऊस होऊन जाऊ दे. मग रीतसर सगळ्यांना कळवू.” मी म्हटलं, “बाई, पाऊस होऊन गेल्यावर कळवायला खाली कोण असेल?” त्या म्हणाल्या, “तुझी बहीण राहते म्हणून तुला असं वाटतंय.” खरं आहे. बहीण राहते म्हणून मला दिसलं. पण जिथं कोणाचीच बहीण प्रयोगशाळेत नाही, तिथंही रस्ते आहेतच की.

मी तुकडे पिशवीत घातले आणि रस्ते खात्याच्या कार्यालयात गेले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं. शिपाई म्हणाला, “ताई, खड्ड्याची तक्रार खालच्या मजल्यावर.” शेवटी एक वयस्कर साहेब भेटले. त्यांनी मोडलेला तुकडा उलटसुलट बघितला, तुझी साय, वाकडी भेग, दोरी, गटारातलं मातकट पाणी, सगळं ऐकून घेतलं. आणि म्हणाले, “पण बाई, त्या रस्त्याची तपासणी गेल्याच आठवड्यात झाली. एक भेग नाही. नवंकोरं डांबर आहे.”

आता जे लिहितेय ते भाऊजी वाचतील हे धरूनच लिहितेय. म्हणून तुम्हा दोघांना.

भाऊजी, तुम्ही गप्प राहायला सांगितलंत. चार दिवस राहिले. चार दिवस जेवताना मला काकूंचं ते भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, आणि वरून जाणाऱ्या शाळेच्या गाड्या. तुम्ही आपली माणसं पुढच्या खोलीत आणलीत. पुढची खोली किती पुढे आहे, भाऊजी? आणि काकूंना पुढची खोलीच नाही. तुम्ही वाईट माणूस नाही. वाईट असता तर छोटीवर ओरडून बाहेर जाऊन बसला नसता. चूक आमच्या डब्यातल्या पावडरीची आहे, हे मी तिथं लिहून दिलंय, माझ्या नावानिशी, आणि प्रयोगशाळेत आता माझं काय होईल ते दिसेलच. कंत्राटदारानं तुम्हाला काय सांगितलं तेही लिहिलंय. बाबांना अजून काही कळवलेलं नाही.

पण नवं डांबर खरवडल्याशिवाय कोणी काही मान्य करणार नव्हतं, आणि कुठं खरवडायचं हे कोणीतरी सांगायला हवं होतं. उद्या सकाळी रस्ता दोन्हीकडून बंद करतायत. मी तिथं असेन.

ताई, तुला राग येईल. बोलू नकोस हवं तर माझ्याशी, वर्षभर बोलू नकोस, फक्त आधी टेम्पोत बस.

साहेबांनी विचारलं, “खाली भेग आहे हे कशावरून? झाकली कोणी?”

मी म्हटलं, “माझ्या भाऊजींनी.”

त्यांनी लिहायचं थांबवलं. चष्मा काढला. “घरचं माणूस आहे. जरा विचार करा. मी ‘अज्ञात इसमाने’ असंही लिहू शकतो.”

“अज्ञात लिहिलंत तर उद्या खरवडायला माणसं पाठवाल?”

त्यांनी चष्मा परत चढवला आणि पेन उचललं.

मी नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.

धाकटी